टोप्यांवरची अक्षरे

दिवाळी अंक आमच्या घरी आला की तो पहिल्यांदा अण्णांच्या हातात जातो. वाचायला नव्हे, तपासायला. अण्णा म्हणजे माझे वडील. वय वर्षे सत्त्याहत्तर. एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षे ते मराठी टंकलेखक होते, आणि टंकलेखक निवृत्त झाला तरी त्याचा डोळा काही निवृत्त होत नाही. आरामखुर्चीत बसून, हातात तांबडी पेन्सिल घेऊन ते कथेतली नायिका मरेपर्यंत वाचतात, आणि मग मला हाक मारून सांगतात, "अरे, हिच्या मृत्यूतला त्यू ऱ्हस्व छापलाय!" नायिका गेल्याचे त्यांना दुःख नसते असे नाही; पण ती शुद्ध स्वरूपात जायला हवी होती.

ही पेन्सिल तीन वर्षांपूर्वी थरथरू लागली. एका चुकीभोवती काढलेले वर्तुळ शेजारच्या तीन निरपराध शब्दांनाही कवेत घेऊ लागले. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिले, गोळ्या दिल्या. पेन्सिल कशीबशी चालली, पण लेखणी मात्र सुटली. लेखणी सुटली म्हणजे आत्याला लिहायचे पत्र सुटले. माझी आत्या बेळगावला असते. अण्णा तिला दर महिन्याला पत्र लिहीत. "फोन करा की," असे वाचक म्हणतील. आत्याला गेली कित्येक वर्षे ऐकू येत नाही. फोनवर ती फक्त "मी बरी आहे, मी बरी आहे" असे म्हणत राहते, आणि इकडे अण्णा रिसीव्हर ठेवून देतात.

एकदा मी माझा लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवून पाहिला. त्यांनी चार बोटे त्यावर टेकवली आणि उचलली. "याला खोली नाही रे," ते म्हणाले. "पापडावर बोट ठेवल्यासारखं वाटतं." विषय तिथेच संपला.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा पुतण्या आमच्याकडे राहायला आला. तो इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि हल्लीच्या मुलांप्रमाणे त्याच्याकडे कपड्यांपेक्षा वायरी जास्त असतात. रात्री जेवणे झाल्यावर त्याने पिशवीतून एक ठोकळा काढला आणि जेवणाच्या टेबलावर बसून काहीतरी लिहू लागला. खट् खट् खट् खट्. दोन मिनिटेही झाली नसतील, आतल्या खोलीतून अण्णांचा आवाज आला,

"मशीन कोणी आणलं रे?"

सौ. माझ्याकडे पाहू लागली, मी सौ.कडे. अण्णांचे टंकयंत्र विकून वीस वर्षे झाली होती. गेल्या वर्षभरात त्यांनी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न असावा.

तो ठोकळा म्हणजे 'मेकॅनिकल कीबोर्ड'. साध्या कीबोर्डात सगळ्या कळांखाली मिळून रबराची एक पातळ चादर असते. यात प्रत्येक कळीला स्वतःची डबी आणि स्वतःची स्प्रिंग. डबीच्या डोक्यावर अधिकाच्या चिन्हासारखा एक बारीक खुंट असतो, आणि त्या खुंटावर कळीची टोपी नुसती दाबून बसवलेली असते. तारेच्या चिमट्याने ती उपटून काढता येते. या टोप्यांना म्हणायचे 'कीकॅप'. आणि इथून पुढे जे मला समजले ते ऐकून मी, खरे सांगतो, थक्क झालो. या टोप्यांचे संच जगभर माणसे हौसेने घडवतात! कोणी रंग ठरवतो, कोणी अक्षराचे वळण ठरवतो, चित्रे काढून समानधर्मी लोकांपुढे मांडतो, पुरेशा मागण्या गोळा झाल्या की जर्मनीतल्या 'जीएमके'सारख्या एखाद्या कारखान्याकडे काम जाते, आणि मग पैसे भरलेली मंडळी वर्ष वर्ष वाट पाहत बसतात. लग्नाच्या शालूसाठीसुद्धा आपल्याकडे कोणी इतके थांबत नाही.

पुतण्याने मला चित्रे दाखवली. जपानी काना अक्षरांचे संच होते, रशियन होते, कोरियन होते. एकेक टोपी म्हणजे पेढ्याएवढी, आणि तिच्यावर ते परके अक्षर असे ऐटीत बसलेले!

"काका, तुम्ही मराठीचे प्राध्यापक," तो म्हणाला, "तुम्ही एक संच करा ना."

आता मराठीच्या प्राध्यापकाला 'तुम्ही मराठीचे प्राध्यापक' असे म्हणून कोणी काही सुचवले की त्याची अवस्था फार बिकट होते. पण त्या रात्री माझ्या डोक्यात मराठी भाषा नव्हतीच. आतल्या खोलीतला प्रश्न होता.

कामाला लागलो. दोन कळांच्या मध्यांतले अंतर १९.०५ मिलिमीटर, म्हणजे बरोबर पाऊण इंच. टोपी वर निमुळती होत जाते, तेव्हा माथ्यावर जागा उरते साधारण बारा-चौदा मिलिमीटर. एवढ्या अंगणात दोन अक्षरे बसवायची: एक नुसती कळ दाबल्यावर उमटणारे, दुसरे शिफ्टसह. कोणती अक्षरे कुठे, हा प्रश्न मला नव्हता. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी 'इनस्क्रिप्ट' नावाची रचना ठरवून दिली आहे. ती मी तोवर कधी नीट पाहिली नव्हती. कागदावर मांडली आणि अहो, माझा व्याकरणाचा तासच समोर उभा राहिला! उजव्या हाताशी मधल्या ओळीत प, क, त, च, ट. म्हणजे पाचही वर्गांतली पहिली, अघोष व्यंजने. त्यांच्या वरच्या ओळीत, प्रत्येकाच्या शेजारी, त्याचाच घोष भाऊ: ब, ग, द, ज, ड. शिफ्ट दाबली की यांतला प्रत्येक अल्पप्राण महाप्राण होतो. क चा ख, ग चा घ. डाव्या हाताशी स्वर. मधल्या ओळीत ऱ्हस्व वेलांटी, तिच्या वर दीर्घ. मधल्या ओळीत ऱ्हस्व उकार, त्याच्या वर दीर्घ. वीस वर्षे मी मुलांना फळ्यावर जे शिकवायची धडपड करतो आहे ते कोणीतरी टेबलावर ठेवण्याजोगे करून ठेवले होते. मी सौ.ला उठवून दाखवले. रात्रीचे साडेबारा वाजले होते, त्यामुळे तिचे मत इथे देत नाही.

अक्षरांच्या वळणासाठी फार शोधावे लागले नाही. मुंबईच्या 'एक टाईप' या मंडळींनी 'मुक्त' नावाचा टंक केला आहे. नावाप्रमाणे तो वापरायला मुक्त आहे आणि लहान आकारातही सुटसुटीत दिसतो. ल आणि श मात्र मी हाताने काढले. मराठी ल ला दोन पाकळ्या हव्यात. हिंदी वळणाचा ल मराठी शब्दात पाहिला की मला पाहुण्याने आपली चप्पल घालून जावे तसे वाटते. (पुतण्याला दोन्ही ल सारखेच दिसत होते. पुढची पिढी!)

खरी अडचण आली ती मात्रांची. काना, वेलांटी, उकार ही मंडळी एकटी राहत नाहीत. संगणकावर त्यांना एकटे उभे केले की तो शेजारी टिंबांचे एक वर्तुळ काढतो: 'इथे अक्षर येईल' अशी जागा राखून ठेवलेली. एस. टी.तल्या रुमालासारखी. ते वर्तुळ टोपीवर छापायचे की नाही? न छापावे तर वेलांटी अधांतरी लोंबते. छापावे तर? मी एका विद्यार्थिनीला विचारले, "हे काय आहे?" ती म्हणाली, "सर, वेलांटी लावलेलं शून्य." मी वर्तुळ काढून टाकले, आणि प्रत्येक मात्रा टोपीवर, शेजारी अक्षर असते तर ती जिथे पडली असती, नेमकी तिथेच ठेवली. एकूण तेरा मात्रा-चिन्हे. त्यांत माझे तीन आठवडे गेले.

मग मोठ्या टोप्या. शिफ्ट, एंटर, टॅब, बॅकस्पेस. इथे मी पारिभाषिक संज्ञांची यादी करून जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवली. 'प्रविष्ट' हा शब्द ऐकताच मुलगी पोळी टाकून हसू लागली. शेवटी घरच्यांनीच नावे ठेवली. एस्केप म्हणजे 'सुटका', टॅब म्हणजे 'उडी', शिफ्ट म्हणजे 'वर', एंटर म्हणजे 'पुढे'. कॅप्स लॉकला मराठीत काही कामच नाही, कारण आपल्या अक्षरांत थोरले-धाकटे नाही. त्याला नुसते 'कुलूप'. बॅकस्पेसला सौ.ने 'खोड' म्हटले. क्रियापद म्हणूनही चालते आणि नाम म्हणूनही, असे ती माझ्याकडे पाहत म्हणाली.

एवढे झाले तरी या साऱ्या टोप्या कागदावरच होत्या. जर्मन कारखान्यात दोन रंगांचे प्लास्टिक एकात एक ओततात. अक्षर एका रंगाचे, टोपी दुसऱ्या, त्यामुळे ते कधी झिजत नाही. पण त्याला प्रत्येक अक्षराचा पोलादी साचा लागतो. मराठीच्या प्राध्यापकाने तो नाद करू नये. दुसरा मार्ग असा की कागदावर खास शाईने अक्षर छापायचे, कागद टोपीवर दाबून तापवायचा. शाईची वाफ होते आणि ती प्लास्टिकच्या पोटात मुरते. फक्त शाई टोपीपेक्षा गडद हवी. काळ्यावर पांढरे या रीतीने होत नाही. आणि गंमत अशी की हाच धंदा आमच्या गल्लीच्या तोंडाशी चालतो. वाढदिवसाच्या कपावर फोटो छापून देणारा दुकानदार दुसरे काय करतो?

त्या सज्जनाने एकसष्ट टोप्यांचे काम हसत घेतले आणि पुढचे दोन महिने तो हसला नाही. पहिल्या खेपेस पुतण्याने चुकून एबीएस प्लास्टिकच्या कोऱ्या टोप्या पाठवल्या. त्या उष्णतेने अशा वाकल्या की बशीत घालून कुरडया म्हणून वाढाव्यात. मग पीबीटीच्या आल्या. हे प्लास्टिक ताप सोसते. पण कागदावरचे अक्षर उलटे छापायचे असते, ते दुकानदाराच्या पोऱ्याने सुलटे छापले, आणि क, ग, त सगळे आरशातून बघितल्यासारखे तोंड फिरवून उभे राहिले. तिसऱ्या खेपेस टोपीच्या माथ्यावरच्या खळग्यात कागद टेकेना, म्हणून अक्षराचे पोट फिके उमटले. चौथ्या खेपेस त्याने रबराचा एक मऊ तुकडा मधे घातला. हस्तिदंती टोपीवर गर्द निळा ळ पहिल्यांदा स्वच्छ उमटला, तेव्हा आम्ही दोघांनी त्या दुकानात उभ्याने चहा घेतला.

गुढीपाडव्याला मी तो कीबोर्ड अण्णांपुढे ठेवला. पुतण्याने मुद्दाम जड स्प्रिंगा बसवल्या होत्या, ऐंशी ग्रॅम भार दिल्याशिवाय दबायच्या नाहीत, म्हणजे थरथरत्या बोटाच्या नुसत्या स्पर्शाने अक्षर उमटू नये. अण्णांनी टोप्यांवरून हात फिरवला. "अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. माझ्या अक्षराला त्यांनी आयुष्यात प्रथमच चांगले म्हटले.

"लिहा ना. आत्याला लिहा."

त्यांनी दोन्ही हात उचलले, बोटे टेकवली, आणि काहीतरी झरझर चालवले. पडद्यावर जे उमटले ते कोणत्याच भाषेत नव्हते. ते थांबले. मग एकच बोट पुढे करून टोप्यांवरची अक्षरे वाचू लागले. 'चि.' लिहायचे होते. आधी वेलांटीवर बोट गेले, कारण जुन्या टंकयंत्रावर ऱ्हस्व वेलांटी आधी आणि अक्षर मागून. इथे अक्षर आधी आणि वेलांटी मागून. पडद्यावर वेलांटी आली आणि तिच्याशेजारी ते टिंबांचे वर्तुळ, जे मी टोपीवरून हद्दपार केले होते. अण्णा च शोधू लागले. पहिलीतले पोर शोधते तसे. ख साठी अर्धे अक्षर उमटवून मग काना देणारी, न बघता मिनिटाला पन्नास शब्द मारणारी ती बोटे. त्यातले एक पुढे झाले होते आणि बाकीची नऊ मिटून घेतली होती.

"सावकाश सवय होईल," मी म्हटले.

"हो, होईल," ते म्हणाले, आणि उठून आत गेले.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याचे कारण केवळ कीबोर्ड नव्हते. २००२ साली मी एम. ए. साठी लघुप्रबंध लिहिला. एकशे चाळीस पाने. कचेरीतून येऊन, जेवून, रात्री नऊनंतर अण्णा तो टंकलिखित करीत. मूळ प्रत आणि तीन कार्बन. माझे 'कि' आणि 'की' त्यांनी मला न सांगता दुरुस्त केले. मित्रांचे वडील डॉक्टर होते, वकील होते, एकाचे तर उपकुलसचिव होते. माझे टायपिस्ट होते. ऋणनिर्देशात मी मार्गदर्शकांचे आभार मानले, ग्रंथपालांचे मानले, बांधणीवाल्याचे नावानिशी मानले, आणि शेवटी लिहिले, 'टंकलेखनाचे काम वेळेत करून देणाऱ्यांचाही मी आभारी आहे.' हे वाक्यही अण्णांनीच टंकलिखित केले. हस्तलिखितात 'टंकलिखीत' असा एक शब्द मी दीर्घ लिहिला होता, तेवढा ऱ्हस्व केला. बोलले काही नाहीत.

मराठीची मांडणी कशी शास्त्रशुद्ध, घोष कुठे, अघोष कुठे, यात मी पाच महिने रमलो होतो. ज्याच्यासाठी हे करायचे त्याची बोटे कोणत्या शाळेत शिकली, एवढे विचारायचे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, त्यात काय! कीबोर्ड तोच राहू दे. आत रेमिंग्टनची रचना निवडायची, तशी सोय असते." टोप्यांवरची अक्षरे तेवढी बदलायची. पण अण्णांच्या यंत्रावर काही कळा निराळ्या होत्या असे ते पूर्वी सांगत. म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

"अण्णा, ठ कुठे असायचा?"

ते विचारात पडले. "ठ? कुणास ठाऊक!"

"बरं, ळ?"

तोही आठवेना. चौतीस वर्षे रोज ज्या घरात गेले त्या घराचा पत्ता त्यांना सांगता येईना. ते कानकोंडे झाले. मला एकाएकी सुचले. मी टेबलावरच्या मेणकापडावर त्यांचे हात ठेवले आणि म्हटले, "'सदर ठराव मंजूर करण्यात येत आहे', लिहा."

बोटे पडू लागली. थरथर थांबली असे मी म्हणणार नाही. ती थांबली नाही. पण प्रत्येक बोट थरथरत का होईना आपल्या घरी जाऊन पडत होते. अण्णा स्वतःच खाली वाकून पाहू लागले. "अरेच्चा! ठ इथे होय!" मग आम्ही अख्खी कचेरी त्या मेणकापडावर उतरवली. 'उपरोक्त विषयास अनुसरून.' 'माहितीसाठी व पुढील कार्यवाहीसाठी रवाना.' 'आपला विश्वासू' आले तेव्हा त्यांचा उजवा हात सवयीने वर गेला. कागद फिरवायची मूठ तिथे असायची. संगणकातली तयार रचना आणि अण्णांची बोटे यांत चार कळांचा फरक निघाला. पुतण्याने त्या चार कळा अण्णांप्रमाणे केल्या.

माझ्या चित्रांचा मात्र निकाल लागला. क च्या डोक्यावर ख नाही, प च्या शेजारी ब नाही. सगळी वर्गव्यवस्था मोडली. मी नव्याने अक्षरे मांडायला घेतली, तेव्हा अण्णा म्हणाले,

"छापतोस कशाला? बोट ठेवलं की अक्षर झाकलंच जातं. आम्हाला तर मास्तर हातावर टॉवेल टाकायचे."

तेव्हा अण्णांच्या कीबोर्डवर आज एकही अक्षर नाही. हस्तिदंती कोऱ्या टोप्या, आणि कोपऱ्यात एक शेंदरी 'पुढे'ची. छापलेली एकच टोपी त्यांनी मागून घेतली, 'खोड'. त्यांच्या यंत्रावर मागे जायची कळ होती, पण ती नुसती गाडी मागे नेई. उमटलेले अक्षर जसेच्या तसे कागदावर राही. "चौतीस वर्षं ही नव्हती," ते म्हणाले. "असू दे." माझा इनस्क्रिप्टचा संच कॉलेजात माझ्या टेबलावर आहे. मुले येऊन 'सुटका' दाबून जातात.

आत्याला पत्र लिहायला चार संध्याकाळी लागल्या. एक पान. संपल्यावर अण्णांनी विचारले, "कार्बन ठेवला होता का?" मी दोन प्रती छापून दिल्या. एक त्यांनी घडी करून फडताळात ठेवली.

आत्याचे उत्तर श्रावणात आले. तिने लिहिले होते, पत्र छापील आहे आणि खाली सही नाही, तेव्हा हे कोणी लिहून दिले ते कळवावे. आणि तुझी तब्येत खरोखर कशी आहे ते त्या माणसाकडून कळवू नये. अण्णा खूप वेळ हसले. आता ते रोज सकाळी वर्तमानपत्राच्या समासात सही गिरवत बसतात. चांगली वळते असे नाही.

हा लेखही त्यांनीच टंकलिखित करावा असे एकदा माझ्या मनात आले होते. मग वाटले, नको. ऋणनिर्देश त्यांच्याच बोटांनी करून घेण्याचा प्रकार मी एकदा केला आहे. म्हणून हा मी माझ्या टोप्यांवर, घोष-अघोष सांभाळत, स्वतः लिहिला आहे. अंक घरी येईल, आरामखुर्चीत जाईल, तांबडी पेन्सिल निघेल. शुद्धलेखन मी तीनदा तपासले आहे, पण त्यांना काहीतरी सापडेलच.